आधी वर बघा

गेल्या रविवारी सकाळी सात वाजता पुतण्याचा फोन आला. ख्यालीखुशाली नाही, चहा झाला का नाही, एकदम मुद्द्यावर. "काकू, तुम्ही झाड तोडायच्या अर्जावर सही केलीत म्हणे? तुम्ही?" त्या शेवटच्या 'तुम्ही'त सगळं आलं. लहानपणी सुट्टीत आला असताना त्यानं उगाचच जास्वंदीची फांदी मोडली म्हणून मी त्याचा कान धरला होता. तो हिशेब तीस वर्षांनी चुकता झाला. दुपारी नणंदेचा फोन. प्रश्न तोच, आवाज जरा गोड. रात्री नातीनं एवढंच विचारलं, "आजी, खरंच?"

खरं आहे. सही केली आहे, तीही पूर्ण नावानिशी. एकेकाला फोनवर उत्तर देत बसण्यापेक्षा इथेच लिहिते, म्हणजे सगळ्यांचं एकदम होईल. मागे मी बुचाच्या झाडावर लिहिलं तेव्हा ज्यांनी भरभरून कौतुक केलं त्या इथल्या लिहित्या मित्रमंडळींनीही ऐकून घ्यावं. खरं तर बसले होते बचाव लिहायला. पण लिहिता लिहिता त्याचं आरोपपत्र झालं. पहिली आरोपी मीच आहे. तुमची नावं पुढे येतीलच.

तर झालं असं. मे महिन्यातला गुरुवार. पावसाळ्याआधी देखभालीसाठी आमच्याकडे दिवसभर वीज बंद ठेवतात. दहाला पंखा थांबला आणि पाठोपाठ शाळेच्या कुंपणाकडून कोयत्याचे घाव ऐकू यायला लागले. मी चपला पायात सरकवल्या. हे म्हणाले, "जाऊ दे ना, दर वर्षीचंच आहे." मी गेलेच.

गुलमोहर ऐन फुलात होता. त्याची रस्त्याकडची संपूर्ण बाजू खाली पडली होती. लाल फुलांचा नुसता सडा, त्यावरून सायकली चाललेल्या. एका फांदीत कावळ्याचं घरटं होतं, काड्यांमध्ये तारेचे तुकडे गुंफलेलं. शिडीवर चाळिशीचा एक माणूस होता. पस्तीस वर्षं वर्ग आवरलेला माझा आवाज अजून शाबूत आहे. म्हटलं, "कोण रे तो? खाली उतर आधी!"

तो खरंच उतरला. डोक्यावरचं हेल्मेट काढलं आणि वाकून नमस्कार केला. "बाई, ओळखलं नाहीत? शहाण्णवची सातवी. ब तुकडी."

ओळखलं. नाव इथे लिहीत नाही, त्याच्या नोकरीचा प्रश्न आहे. मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, "बाई, हे झाड आपणच लावलंय. खड्डा मी काढला होता. तुम्ही म्हणाला होता, तुझा खड्डा सगळ्यांत खोल." मग त्यानं बोट वर केलं. खांबावर खाली घरोघरी जाणाऱ्या चार तारा, त्यांच्या वर अकरा हजार व्होल्टच्या तीन. "ही लाइन तेव्हाही होती, बाई."

खरं सांगते, त्या क्षणापर्यंत मी त्या तारांकडे कधी नीट बघितलंच नव्हतं.

१९९६चा जुलै मला स्वच्छ आठवतो. वनमहोत्सवाचा आठवडा. कन्हैयालाल मुन्शी केंद्रात मंत्री असताना १९५० साली हा उत्सव सुरू झाला, हे मी दर वर्षी मुलांना सांगायची. रोपवाटिकेतून अकरा रोपं फुकट आली होती: सात गुलमोहर, दोन पर्जन्यवृक्ष, दोन सोनमोहर. कार्यक्रमाची प्रमुख मीच. कुंपणालगत दोरी धरून सरळ रेषेत खड्डे घेतले, कारण फोटोत रांग छान दिसते. तुकोबांचा झाडांना सोयरे म्हणणारा अभंग मुलींनी म्हटला. पाहुण्यांना पाऊस लागू नये म्हणून मंडप कुठे घालायचा, यावर अर्धा तास चर्चा झाली होती. वर बघायचं मात्र कुणालाच सुचलं नाही. दोरी धरली ती बरोबर लाइनच्या खाली.

आता साधं गणित करू या. असल्या खांबाची उंची आठ-नऊ मीटर, त्यातला दीडेक मीटर जमिनीत. म्हणजे खालच्या तारा वीस-बावीस फुटांवर. गुलमोहर सहज तीस-चाळीस फूट जातो आणि त्याहून जास्त पसरतो. पर्जन्यवृक्षाला साठ फूटही पुरत नाहीत. सातवीतल्या मुलाला घातलं असतं तरी हे उदाहरण सुटलं असतं. माझ्याकडे एक सोडून चाळीस मुलं होती. मी घातलंच नाही.

त्या अकरांचं काय झालं तेही सांगते. दोन पहिल्याच उन्हाळ्यात वाळली, एक शेळीनं खाल्लं. ही मरणं नैसर्गिक म्हणू. उरलेल्या आठांना सातव्या-आठव्या वर्षापासून दर मे महिन्यात कोयता लागला. कुणाचा शेंडा उडवला, कुणाची एक बाजू. २०१९च्या पावसात एक गुलमोहर उन्मळून तारांसकट रस्त्यावर आला. सगळा भार घरांच्या बाजूला आणि रस्त्याच्या बाजूला काहीच नाही, तर तो उभा राहणार कसा? गुलमोहराची मुळं मुळात उथळ, लाकूड ठिसूळ. आणखी दोन पोखरून गेले. आज पाच उभे आहेत आणि पाचांतलं एकही झाड झाडासारखं दिसत नाही.

माझा विद्यार्थी पाण्याची बाटली तोंडाला लावायला शर्टाची बाही सरसावून बसला, तेव्हा मला त्याचा उजवा हात दिसला. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी आवळलेली, चकचकीत. विचारलं तर अगदी सहज म्हणाला, "२०१४ साली. असंच एक झाड होतं बाई, रस्त्याकडेचं. परमिट खालच्या लाइनचं घेतलं होतं, वरची चालू होती. फांदी तोडली, वजन कमी झालं, तशी दुसरी फांदी उसळून वर टेकली. ओली होती. चूक माझीच." मग हसून, "दोन महिने घास भरवायला आईच होती."

चूक त्याची? शिडीवर चढणारा चुकला असेल, मान्य. पण वरून अकरा हजार व्होल्ट जाताहेत अशा जागी खाली पर्जन्यवृक्षाचं रोप कुणी लावलं होतं? लावणाऱ्याचा तर तेव्हा फोटो निघाला होता, हार घातलेला.

माझं म्हणणं इथून पुढे सुरू होतं. झाड लावणं म्हणजे पुण्य, आणि पुण्याचा हिशेब खड्डा बुजवला की पुरा झाला, ही आपली समजूत आहे. मी ती समजूत तीस वर्षं मुलांना शिकवली. झाड लावणं म्हणजे पन्नास वर्षांची जागा कुणाला तरी कबूल करणं. खालची जागा आणि वरचीही. ज्या जागेत ते वाढू शकणार नाही हे लावायच्या दिवशीच दिसतं आहे, तिथे ते लावणं म्हणजे त्याची फसवणूक आहे. सोयऱ्याला जेवायला बोलवायचं, पाट उकळत्या आमटीच्या पातेल्यापाशी मांडायचा, आणि मग दर वर्षी त्याला भाजलं म्हणून स्वयंपाकिणीला बोल लावायचा, असा हा प्रकार.

आपल्याकडे मोजतात काय तर रोपं. राज्यात २०१६ला दोन कोटी, २०१७ला चार कोटी, २०१८ला तेरा कोटी, २०१९ला तेहतीस कोटी असे संकल्प सोडले गेले. त्यावर पुष्कळ वाद झाले: किती लागली, किती जगली. वाद व्हायलाच हवेत. पण कुठे लागली, त्यांच्या डोक्यावर काय होतं, हा प्रश्न कुणी विचारलेला माझ्या ऐकण्यात नाही. जगलेलं रोप जर तारेखाली असेल, तर त्याचं जगणं हीच पुढच्या तीस वर्षांची कटकट असते. त्याच्याही, वायरमनच्याही.

आता दुसरं कलम, कापणाऱ्यांविरुद्ध. माझा विद्यार्थी भला माणूस आहे, पण त्याला मी विचारलं, "फांदी कुठून कापायची हे तुला कुणी शिकवलं?" तो म्हणाला, "तारेपासून लांब जाईल अशी." बस. तारेचं शिक्षण त्याला मिळालंय, झाडाचं कुणीच दिलेलं नाही. आणि कापणाऱ्याच्या हातात कोयता, वर एका दिवसात संपवायची अख्खी लाइन.

निवृत्तीनंतर या विषयावर मी जमेल तसं वाचलं. अ‍ॅलेक्स शिगो नावाचे एक अमेरिकन वनस्पतिरोगशास्त्रज्ञ होऊन गेले, २००६ साली वारले. तिथल्या वनखात्यात नोकरी करताना त्यांनी करवतीनं हजारो झाडं उभी चिरून बघितली. त्यांनी दाखवलं ते असं की, माणसाची जखम भरते तशी झाडाची भरत नाही. झाड ती जखम आतल्या आत भिंती घालून कोंडून ठेवतं आणि बाहेरून नवं लाकूड वाढवून झाकतं. जखम आत तशीच राहते. म्हणून ती कुठे आणि केवढी करायची याला महत्त्व. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे एक फुगीर कडं असतं. कापायचं ते त्या कड्याच्या जरा बाहेर. कडंच छाटलं तर झाडाची भिंत घालायची सोय गेली, आणि हातभर खुंट सोडला तर तो कुजत आत जातो. जड फांदी असेल तर आधी खालून थोडी खाच, मग वरून थोडं पुढे कापून वजन उतरवायचं, आणि शेवटी कड्यापाशी नीट काप. नाही तर फांदी पडताना खोडाची साल सोलत नेते. कापलेल्या जागी रंग किंवा डांबर फासल्यानं कूज थांबत नाही, हेही त्यांनी सांगून ठेवलं आहे. आपल्याकडे मात्र गेरू फासला की काम झालं.

सगळ्यांत वाईट म्हणजे शेंडा उडवणं. दिसायला वाटतं, झाड बुटकं झालं, तारेची काळजी मिटली. होतं उलटंच. झाडाची पानं गेली म्हणजे स्वयंपाकघर गेलं. ते घाबऱ्याघाबऱ्यानं कापाच्या भोवती डझनावारी धुमारे फोडतं. हे धुमारे सरळ वर आणि भराभर जातात, एका-दोन पावसाळ्यांत पुन्हा तारेला भिडतात. शिवाय ते आतून पक्के रुजलेले नसतात, वरवर चिकटलेले असतात. वाऱ्यात आधी तेच मोडतात. म्हणजे यंदाची हजामत हीच पुढच्या वर्षीच्या हजामतीची बेगमी. त्याऐवजी तारेकडे जाणारी नेमकी फांदी मुळापाशी काढली आणि बाजूला जाणारी ठेवली, तर काम कमी होतं आणि झाडही झाड राहतं.

आणि हे सगळं मे महिन्यात! पाखरं घरट्यात, झाडं फुलात, आणि पाऊस दारात असल्यामुळे सगळ्यांना घाई. दिवाळीनंतर थंडीत पहिली फेरी का काढू नये? मे महिन्यात मग राहिलंसाहिलं. कावळ्यानं घरटं कोणत्या झाडावर केलं यावरून आपली म्हातारी माणसं पावसाचा अंदाज बांधायची. आता घरट्यावर कोयता पडला की समजायचं, पाऊस आला.

या विषयावर बोलायला लागलं की तीन प्रकारचे लोक भेटतात. तिघांनाही उत्तर देते.

पहिले म्हणतात, "एकाही फांदीला हात लावू नका." यांच्यात मी होते, म्हणून जरा सांभाळून बोलते. २००३ सालच्या १४ ऑगस्टला अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडातलं ऑन्टारिओ अंधारात गेलं, पाच कोटींच्या आसपास लोक. माझी भाची तेव्हा न्यूयॉर्कला शिकायला होती, काळोखात जिने उतरून चालत घरी गेली. चौकशीत निघालं काय, तर ओहायो राज्यात भार वाढून तारा तापल्या, तापून लोंबल्या, आणि खाली वेळेवर न छाटलेल्या झाडांना टेकल्या. धोक्याची सूचना देणारी संगणकाची यंत्रणाही नेमकी बंद पडलेली. एकामागून एक लाइन गेली. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला स्वित्झर्लंडमध्ये एका लाइनची ठिणगी झाडावर पडली आणि जवळजवळ सगळी इटली अंधारात बुडाली. तेव्हा छाटणी हवीच. इस्पितळातला ऑक्सिजन, विहिरीवरचा पंप, परीक्षेचा अभ्यास, सगळं त्या तारेवर आहे. अकरा हजार व्होल्टच्या तारेला हात लागावाच लागतो असंही नाही, ओली फांदी पुरते.

दुसरे म्हणतात, "मग तोडून टाका सगळी. लाइट महत्त्वाची." यांच्यासाठी कायदा सांगते. विद्युत अधिनियम, २००३ याच्या ६८व्या कलमात तारेला अडथळा करणारं झाड काढायची तरतूद आहे. पण त्यासाठी कार्यकारी दंडाधिकारी किंवा सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्यापुढे जावं लागतं. आणि त्याच कलमात पुढे असंही आहे की, झाड तारेच्या आधीपासून तिथे असेल तर झाडाच्या मालकाला भरपाई द्यायची. म्हणजे कायदा विचारतो, आधी कोण आलं? हे वाचलं तेव्हा मला रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र आठवलं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं. त्यात म्हटलंय ते असं: आरमाराला लाकूड लागतं, पण रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नका. ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं अगदी जीर्ण झालेलं हवंच असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन न्या. इंग्रजांचं राज्य यायच्या आधीचा आपला हा रिवाज. शहरांसाठी तर १९७५चा झाडांच्या संरक्षणाचा आणि जतनाचा राज्याचा कायदा आहे, आणि त्यात 'तोडणे' म्हणजे नुसतं बुंध्यापासून पाडणं नव्हे, झाडाला इजा करणंही त्यात येतं.

मग प्रामाणिकपणे विचार करा. रस्त्यावरचा शंभर वर्षांचा वड आधी आला आणि तार नंतर आली, तर वळसा तारेनं घ्यावा. किमान तिथे उघड्या तारेऐवजी इन्सुलेशन असलेली, एकत्र पिळलेली केबल टाकावी, म्हणजे फांदी घासली तरी लगेच ठिणगी नाही. पण तार आधी होती आणि मी गुलमोहर नंतर आणला, तर? तर 'आधी कोण आलं' या न्यायानं निकाल माझ्या विरुद्ध जातो. माझ्या सहीचं हेच कारण.

तिसरे म्हणतात, "सगळ्या तारा जमिनीखाली घाला, प्रश्नच मिटेल." हे बहुधा मुंबईचे असतात. मुंबई शहरात केबल जमिनीखालून गेल्यात, खरं आहे. जिथे जमतं तिथे व्हायलाच हवं. पण खर्च मोठा, आणि वाड्यावस्त्यांपर्यंत ते कधी पोचणार? श्रीवर्धनकडच्या माझ्या मावसबहिणीच्या वाडीत तारा माडापोफळींच्या मधून जातात. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात माड, खांब, तारा, सगळं एकावर एक पडलं आणि तिनं तीन आठवडे कंदिलावर काढले. शिवाय चर खणताना आणखी एक घात होतो. झाडाची बहुतेक अन्न घेणारी मुळं वरच्या दोन-तीन फुटांतच पसरलेली असतात. बुंध्याला लागून यंत्रानं चर मारला की वरून झाड हिरवं दिसतं आणि खालून पांगळं झालेलं असतं. दोन वर्षांनी ते वादळात पडलं की आपण वाऱ्याला दोष देतो. तेव्हा तार वर असो की खाली, झाडाचा विचार कुणीतरी करायचाच आहे.

मग करायचं काय? फार अवघड नाही. लावण्याआधी मान वर करायची. वर तार असेल तर तिथे तगर लावा, जास्वंद लावा, कुंती, कण्हेर, कढीलिंब लावा. पारिजातक लावा, थोडा आवरता ठेवा. दहा-बारा फुटांत ही सगळी सुखानं नांदतात, फुलं देतात, पाखरांना जागा देतात. रस्त्याच्या ज्या बाजूला तार नाही तिथे बहावा, कांचन, तामण. आणि वड, पिंपळ, पर्जन्यवृक्ष, गुलमोहर यांना मैदान द्या, माळ द्या, नदीकाठ द्या. गुलमोहराशी माझं वैर नाही. तो मादागास्करहून आला असला तरी आता आपलाच आहे. साताऱ्यात तर १ मेला गुलमोहर दिवस साजरा करतात. पण त्याला आकाश लागतं, आणि मी त्याला चार तारांखालचा बोळ दिला.

आणि हो, घरची आंब्याची किंवा शेवग्याची फांदी तारेजवळ गेली असेल तर स्वतः आकडी घेऊन चढू नका. लोखंडी पाइपची आकडी तर नाहीच नाही, आणि पावसात बांबूवरही भरवसा नको. वीजवाल्यांना कळवा, लाइन बंद झाल्याशिवाय हात लावू देऊ नका.

नगरपालिकांनी एक सोपी गोष्ट करावी. १९७५च्या कायद्याप्रमाणे दर पाच वर्षांनी झाडांची गणना करायची असते. त्या तक्त्यात झाडाचं नाव, घेर, उंची लिहितात. एक रकाना वाढवा: 'वर तार आहे काय?' आणि नवीन रोप लावताना हाच रकाना आधी भरायचा. दुसरं, दिवाळीनंतर एक दिवस वीजवाले, उद्यानवाले आणि त्या रस्त्यावरचे दोन रहिवासी यांनी मिळून लाइनखालून चालत जावं आणि कोणती फांदी, कुठून, हे खडूनं खूण करून ठरवावं. शाळेत आम्ही वह्या तपासायचो, तशी ही तपासणी. लाल शाईऐवजी पांढरा खडू.

आता माझ्या अर्जाबद्दल. त्यात मी काय लिहिलं ते न वाचताच तुम्ही फोन केलेत. पाचांपैकी दोन झाडं आतून पोकळ आहेत. ठोकून बघितली तर डब्यासारखी वाजतात, शाळेची मुलं खालून जातात. ती दोन रीतसर परवानगीनं काढावीत. तीन ठेवावीत, आणि त्यांची छाटणी माहीतगार माणसाच्या देखरेखीखाली थंडीत व्हावी. काढलेल्या दोहोंच्या जागी तगर आणि कुंती. आणि बदली म्हणून शाळेमागच्या मोकळ्या मैदानात चार मोठी झाडं: वड, कडुलिंब आणि दोन गुलमोहर. पाणी घालायची जबाबदारी माझी, मी असेपर्यंत. पुढची माझ्या विद्यार्थ्यानं आपणहून घेतली आहे.

सही करताना बरं वाटलं असं म्हणणार नाही. काढायच्या दोहोंत तो फुललेला गुलमोहरही आहे, ज्याचा खड्डा सगळ्यांत खोल होता. माझ्या हातून लागलेलं झाड माझ्याच सहीनं जाणार. पण जो हात भाजला, तोही माझ्याच वर्गातला होता.

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघं मैदानात जागा बघायला गेलो. तो आधी वर बघत होता, सवयीनं. मी आता शिकले आहे, मीही वर बघितलं. एक घार तेवढी होती.

आता शेवटचं, आणि हे खास पुतण्यासाठी. भावजींच्या पंचाहत्तरीला पंचाहत्तर झाडं लावायचा तुझा बेत मला कळला आहे. गावाकडच्या रस्त्याकडेला, फलक-बिलक लावून. बेत चांगला आहे, मी येणार आहे, अभंगही म्हणेन. पण त्या रस्त्यानं लाइन जाते हे मला पक्कं आठवतंय. तेव्हा आधी पंचाहत्तर जागांवर उभं राहून, मोबाइल आडवा न धरता सरळ वर धरून, एकेक फोटो काढ आणि मला पाठव. ज्या फोटोत तार दिसेल त्या जागेचा गुलमोहर मी खोडणार. पंचाहत्तरची पंधरा झाली तरी चालतील. भावजी रागावले तर त्यांना सांग, वहिनींनी अडवलं म्हणून. कान धरायची मला सवय आहे.